काबऱ्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर

काबऱ्याचं खरं नाव फक्त लायसनवर आहे. बाकी सगळ्यांसाठी तो काबऱ्याच. माल भरायला गाडी लावली की इतर ड्रायव्हर केबिनमध्ये पाय पसरून झोपतात. हा खाली उतरणार आणि दिसेल त्याला विचारत सुटणार. या पोत्यांत काय आहे? एवढं मोठं चाक कुठल्या यंत्राला लागतं? रिकाम्या बाटल्या इतक्या लांब पाठवताय, का बरं? तिकडे बाटल्या मिळत नाहीत? हमालांनी आधी त्याला 'का बरं' म्हणून चिडवलं, मग त्यांच्या जिभांना कंटाळा आला आणि त्याचा काबऱ्या झाला. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. ज्या धंद्यात माणसांना टकल्या आणि बुटक्या म्हणतात, तिथे प्रश्नावरून नाव पडणं म्हणजे मानच की.

अशा या चौकस माणसाला मालक झाल्यावर एक प्रश्न पडला, आणि तो कुठल्याच हमालाला विचारण्यासारखा नव्हता.

मालक होण्याआधी तो बारा-पंधरा वर्षं बाईंच्या गाडीवर ड्रायव्हर होता. बाई म्हणजे चार ट्रकची मालकीण. वजनकाट्याशेजारी पत्र्याचं ऑफिस, टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला एक जुना पिस्टन, आणि त्या पिस्टनइतकंच गुळगुळीत, थंड डोकं. बाईंनी एक नवी गाडी घेतली तेव्हा जुनी विकायला काढली, आणि गिऱ्हाईक शोधायच्या आधी काबऱ्याला विचारलं. "इतकी वर्षं तूच चालवलीस. घेतोस का?"

घेतोस का म्हणजे काय! त्या गाडीचा तिसरा गिअर थंडीत रुसतो, डाव्या दाराची काच अर्ध्यावर अडते आणि तिला वरच्या बाजूनं थोपटलं की खाली जाते, हे जगात त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं? अटी साध्या होत्या. काही रक्कम आधी रोख, बाकीची महिन्याच्या हप्त्यानं. दोन हप्ते चुकले तर बाई थांबतील. तिसरा चुकला तर गाडी परत, आणि तोवर भरलेलं सगळं गाडी वापरल्याचं भाडं म्हणून बाईंकडेच राहणार.

आधीची रोख रक्कम बायकोनं दिली. ती घरीच कपडे शिवायची. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन, दाराच्या खुंटीवर लोकांचे अर्धवट झालेले झगे, आणि जेवायला बसलं की ताटाशेजारी चिंध्या. या पसाऱ्यातून सुटायला तिनं कोपऱ्यावरचा गाळा बघून ठेवला होता. कापायचं टेबल कुठे ठेवायचं, आरसा कुठल्या भिंतीला, सगळं ठरलं होतं. ते पैसे तिनं त्याच्या हातात ठेवले आणि म्हणाली, "गाळा कुठे पळून जात नाही. आधी गाडी घ्या." आता गाळ्याला खरोखरच पाय फुटत नाहीत, पण भाडेकरू मिळतो. त्यामुळे गाडी गेली असती तर नुसती गाडी गेली नसती. हे त्याला ठाऊक होतं, आणि तिलाही.

पहिले दोन महिने काबऱ्या हवेत होता. कुणी बघत नसलं तरी तो उगाच फडकं घेऊन काच पुसायचा. तिसऱ्या महिन्यात मागचा टायर फुटला, आणि हप्ता त्या टायरमध्ये गेला. चौथ्यात क्लच गेला. हप्ताही त्याच्या मागोमाग गेला. पाचव्या महिन्याची तारीख समोर येऊन उभी राहिली, आणि ज्या डब्यात हप्त्याचे पैसे ठेवायचे त्या डब्याचा तळ दिसत होता.

प्रश्न असा होता. गाडी तीच. रस्ता तोच. भाडी देणारी माणसं तीच आणि भाडंही तेच. इतकंच काय, ड्रायव्हरसुद्धा तोच. ही गाडी बाईंकडे असताना तिनं बाईंना नवी गाडी घेऊन दिली, आणि काबऱ्याकडे आल्यावर साधा हप्ता देईना. मधला पैसा जातो कुठे?

कुठेतरी पाणी मुरतंय, हे नक्की. काबऱ्या शोधाला लागला आणि खरं सांगायचं तर त्याला त्यात मजाही वाटू लागली. पहिला संशय डिझेल चोरांवर. त्यानं टाकीला एवढं मोठं कुलूप लावलं की पंपावरची पोरं बघायला जमली. काही फरक पडला नाही. दुसरा संशय इंजिनवर. त्यानं गाडी मिस्त्रीकडे नेली. हा मिस्त्री बोलण्यात फार काटकसरी. त्यानं कान लावून इंजिन ऐकलं, टाकी भरून एक चक्कर मारली, परत भरली, आणि हात पुसत म्हणाला, "ॲव्हरेज चांगलं आहे."

"मग डिझेलला एवढा पैसा का बरं जातो?"

"ते इंजिनला काय माहीत? त्याला लिटर कळतात, पैसे नाही."

काबऱ्याला हे उत्तर आवडलं, पण कामाचं वाटलं नाही. मग त्यानं चाकांतली हवा तपासली, वजनकाट्यावर रिकामी गाडी चढवून बघितली, टोलच्या पावत्या जुळवल्या. सगळं जिथल्या तिथे.

घरी बायकोनं एकदाच विषय काढला. तोही वळसा घेऊन. तिला बटणं ठेवायला डबी हवी होती, म्हणून तिनं फडताळ उघडलं. आत थर्मास होते. निळे, लाल, एक सोनेरी पट्ट्याचा. त्यातल्या एकात तिनं आधीच हुक भरले होते, एकात चेनचे तुकडे. "अहो," ती म्हणाली, "एवढा चहा पितं कोण?"

"फुकट मिळतात," काबऱ्या अभिमानानं म्हणाला. "टाकी फुल केली की."

तिनं एका थर्मासात बटणं ओतली आणि झाकण लावलं. तो विषय तेवढ्यावर राहिला.

तारीख जवळ आली तेव्हा काबऱ्यानं ठरवलं, या प्रश्नाचं उत्तर एकाच माणसाकडे असणार. ज्या माणसाला ही गाडी परवडत होती त्यालाच विचारायचं. थर्मासात चहा भरून घेतला आणि तो वजनकाट्याकडे निघाला.

"या मालक," बाई म्हणाल्या. चेहरा हलला नाही, पण डोळे हसत होते. "हप्ता आणलाय की गाडीची चावी?"

"दोन्ही नाही. एक विचारायचं होतं." त्यानं थर्मास टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि मनातलं सगळं एका दमात सांगून टाकलं. गाडी तीच, रस्ता तोच, भाडं तेच. "मग तुम्हाला कशी परवडायची, बाई? मला का बरं परवडत नाही?"

बाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. थर्मासकडे बघत होत्या.

"हा नवा दिसतोय."

"परवाच मिळाला."

"वळणावरच्या पंपावर?"

"हो."

"अजून तिथेच भरतोस?"

"तिथे आपली ओळख आहे ना. जेवण फुकट, आंघोळीला गरम पाणी, वर काहीतरी हातात देतात."

"आणि डिझेल?"

"डिझेल चांगलं असतं. म्हणजे, जरा महाग आहे इतरांपेक्षा, पण..." बोलता बोलता काबऱ्याचा आवाज मध्येच अडकला. डाव्या दाराच्या काचेसारखा, अर्ध्यावर.

बाईंनी त्याला तसंच अडकू दिलं. मग सावकाश म्हणाल्या, "माझ्या गाडीवर होतास तेव्हा जेवण तुझं होतं, थर्मास तुझा होता आणि डिझेल माझं होतं. आता डिझेल कुणाचं आहे?"

काबऱ्याचे कान तापले. त्यानं इतकी वर्षं त्या पंपावर गाडी वळवली होती आणि दर वेळी त्याला आपण कुणाला तरी गंडवल्याचं एक छोटंसं सुख झालं होतं. गाडीची मालकी बदलली, पण हात मात्र सवयीनं स्टिअरिंग तिकडेच वळवत राहिले. गेले पाच महिने तो दर फेरीला स्वतःलाच गंडवत होता, आणि वर खूशही होत होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?" त्यानं विचारलं.

"चार गाड्या आहेत माझ्या. चारही ड्रायव्हरांच्या घरी थर्मास आहेत." बाईंनी पिस्टन उचलून दुसऱ्या कागदांवर ठेवला. "आणि खर्चीतलं काय उरवायचास, तेही ठाऊक होतं."

खर्ची म्हणजे फेरीला निघताना मालक ड्रायव्हरच्या हातात ठेवतो ती रक्कम. डिझेल, टोल, वाटेतलं खाणंपिणं त्यातून करायचं. जे वाचेल ते बहुतेक ड्रायव्हर परत देत नाहीत, आणि मालक विचारत नाहीत. काबऱ्या ते वाचलेले पैसे शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचा. पँटीच्या आतल्या खिशातले पैसे गाडीचे, शर्टाच्या खिशातले आपले. त्यातून घरी फळं यायची, मुलीला रंगपेटी यायची, मित्रांना चहा व्हायचा. आता भाड्याच्या ॲडव्हान्समधून फेरीचा खर्च भागवून उरलेले पैसेही तो अगदी तसेच, न बघता, शर्टाच्या खिशात ठेवत होता.

"मग बोलला का नाहीत?" त्याला थोडा रागच आला. इतकी वर्षं आपण हुशार होतो असं त्याला वाटत होतं.

"बोलले असते तर तू गेला असतास. मग दुसरा आला असता, आणि तो किती खातो हे कळायला मला परत दोन वर्षं लागली असती. तुझं मला पाठ होतं. भाडं ठरवतानाच मी ते धरायचे. डिझेल, टोल, टायरचे पैसे, गाडीचा हप्ता, आणि ड्रायव्हर खाईल ते. एवढं सगळं जाऊन काही उरत असेल तर गाडी हलवायची. नाहीतर उभी राहू दे."

"टायरचे पैसे दर फेरीला? टायर तर वर्षातून एकदा फुटतो."

"फुटतो एकदा. झिजतो रोज. खर्च झिजताना होतो, काबऱ्या. फुटल्यावर फक्त पावती येते."

हे काबऱ्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. ड्रायव्हरच्या जागेवरून रस्ता, आरसे आणि काटे दिसतात. टायर तिथून दिसत नाही.

"बरं, भाडं घेताना आधी काय विचारतोस?"

"ॲडव्हान्स किती."

"ड्रायव्हर तेच विचारतो. हातात पडतं ते त्याचं. मालक विचारतो, तिकडून परत यायला माल मिळेल का." बाई पुढे झुकल्या. "तुझ्या गाडीवर ड्रायव्हर कोण आहे?"

"मीच."

"त्याला पगार किती देतोस?"

"स्वतःला कसला पगार, बाई?"

"अरे, बिनपगारी माणूस ठेवलास. मग तो हात मारणारच. त्यालाही पोट आहे."

काबऱ्याला हसू आलं, आणि लगेच रडूही येईल असं वाटलं. उठताना त्यानं शेवटचा प्रश्न विचारलाच, सवय जात नाही. "माझा हप्ता चुकला तर गाडी तुम्हाला परत मिळेल, वर भरलेले पैसेही. मग हे सगळं मला का बरं सांगितलंत?"

"गाडी परत आली की ड्रायव्हर लागेल. तूच येशील. आणि थर्मास पुन्हा माझ्या पैशांचे." बाईंनी थर्मास त्याच्याकडे सरकवला. "तारीख मात्र तीच आहे. ती हलणार नाही."

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, फडताळ उघडं होतं. ती मशीनवर होती. पाय थांबले, पण तिनं कापडावरची बोटं उचलली नाहीत. मग म्हणाली, "म्हणजे माझा गाळा त्या थर्मासात गेला."

काबऱ्याला तिच्यासमोर इतकी लाज वाटली की तो उठून दारापर्यंत गेला आणि परत आला.

"बसा," ती म्हणाली. "मला एक सांगा. गाडीत पैसे कुणाचे आहेत?"

"तुझे."

"मग मालक कोण?"

तो मशीनशेजारी टेकला.

"मला ड्रायव्हर हवाय," ती म्हणाली. आवाजात राग होता, पण तो आता कामाला लागला होता. "गाडीची माहिती असलेला. पगार किती घेणार?"

काबऱ्यानं एक आकडा सांगितला. स्वतःचा पगार सांगायची वेळ आली की माणूस जरा हात सैल सोडतोच. तिनं मान हलवली. "एवढ्यात मला दुसरा मिळेल."

"त्याला तिसरा गिअर जमणार नाही."

"शिकेल."

शेवटी जमलं. पगार ठरला, वाटेतलं जेवण त्यातच भागवायचं ठरलं. खर्चीतलं उरलेलं घरी येऊन मशीनच्या टेबलावर ठेवायचं. टायरचे पैसे दर फेरीला बाजूला. डिझेल मालकीण सांगेल त्या पंपावर. थर्मास तिनं रस्त्यावरच्या चहावाल्यांना विकून टाकले. फक्त बटणांचा ठेवला, कारण त्याची तिला सवय झाली होती.

त्याच आठवड्यात बुकिंगवाल्यानं त्याला हाक मारली. हा बुकिंगवाला म्हणजे माल आणि गाड्या यांची गाठ घालून देणारा. त्याला कुठल्या ड्रायव्हरची कुठे दुखरी नस आहे ते नेमकं ठाऊक. "काबऱ्या, तुझ्यासाठी राखून ठेवलंय. आत्ता निघायचं, आणि निम्म्याच्या वर ॲडव्हान्स. हे बघ, नोटा मोजूनच ठेवल्यात."

नोटांची गड्डी खरंच जाड होती. काबऱ्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, आणि तिथेच थांबला. हप्त्याची तारीख तोंडावर होती. एवढे पैसे हातात आले असते तर अर्धं काम झालं असतं. "तिकडून परतीचा माल?" त्यानं विचारलं.

"तिकडून कुठला माल? रिकामा ये, हलका ये, लवकर येशील."

"विचारून सांगतो."

"विचारून? गाडी तुझी ना?"

"गाडी घरातल्यांची आहे. मी ड्रायव्हर."

बुकिंगवाल्यानं त्याच्याकडे तोंडाचा आ करून बघितलं. काबऱ्यानं फोन लावला. पलीकडे मशीनची घरघर थांबली. तिनं परतीचं विचारलं, किलोमीटर विचारले, मग आकडे पुटपुटत राहिली. ती बेरीज-वजाबाकी करत होती हे त्याला फोनवरही कळलं. "नको," ती म्हणाली. "उभी राहू द्या."

दोन दिवस गाडी उभी राहिली. ते दोन दिवस काबऱ्याला फार जड गेले. उभ्या गाडीच्या बाजूनं तो नुसता फेऱ्या मारत होता आणि दर फेरीला टायरवर हात फिरवत होता. किती झिजलाय ते आता त्याला दिसायला लागलं होतं. तिसऱ्या दिवशी जाऊन-येऊन दोन्हीकडचा माल मिळाला. ॲडव्हान्स बेताचा होता. त्या फेरीत तो वळणावरच्या पंपासमोरून गेला. तिथली पोरं हात करत होती. त्यानंही हात केला आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढला नाही. पुढे साध्या पंपावर टाकी भरली, पदरचे पैसे देऊन जेवला. जेवण बेचव होतं. तरी त्यानं ताट पुसून खाल्लं, कारण ते पहिल्यांदाच त्याच्या पगारातलं होतं.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. घरी परत येताना, गाडी बंद करायच्या आधी, त्यानं खर्चीतल्या उरलेल्या पैशांतल्या दोन बारीक नोटा काढल्या आणि डोक्यावरच्या सनशेडच्या मागे सरकवल्या. फार नाही. मित्रांच्या चहापुरत्या. बाकीचे सगळे टेबलावर ठेवले. पुढच्या फेरीलाही तसंच. एवढं सगळं इमानानं टेबलावर ठेवतोय, त्यातलं इतकं चालायला हरकत नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं. समजावताना तो तिच्या तोंडाकडे बघत नव्हता.

तारखेच्या दिवशी बायको स्वतः निघाली. "मालकानंच हप्ता द्यायचा असतो," ती म्हणाली. काबऱ्यानं तिला गाडीनं नेलं, वजनकाट्याशेजारी गाडी लावली आणि ऑफिसच्या दारात टेकून उभा राहिला. आत दोन मालकिणी समोरासमोर बसल्या होत्या. टेबलावर पिस्टन, पिस्टनशेजारी नोटा. दोन फेऱ्यांचं भाडं, थर्मासांचे आणि तिच्या शिलाईचे पैसे मिळून आजचा हप्ता पुरा होता, आणि मागच्या चुकलेल्यांपैकी थोडं वर. बाईंनी नोटा मोजल्या, ड्रॉवरमध्ये ठेवल्या आणि पावती लिहायला घेतली. काबऱ्याच्या छातीवरून कुणीतरी गोणी उतरवल्यासारखं झालं. गाडी त्यांची होती. निदान या महिन्यात तरी होती, आणि पुढच्या महिन्याची त्याला आता तेवढी भीती वाटत नव्हती.

पावती लिहिता लिहिता बाईंनी मान वर न करता विचारलं, "आणि ड्रायव्हर कसा आहे?"

"चांगला आहे," बायको म्हणाली. "माल नीट बांधतो. गाडीची काळजी घेतो."

"खातो का?"

"थोडं खातो. सनशेडच्या मागे ठेवतो." तिनं पावती घेतली, घडी घातली. "तेवढं मी धरलंय."

बाई हसल्या. दोघी दाराकडे बघतील या भीतीनं काबऱ्या आधीच वळला होता. गाडीत चढून त्यानं सनशेड खाली केलं, उरलेल्या दोन नोटा काढल्या, थोडा वेळ हातात धरल्या. बायको येऊन शेजारी बसली. दाराची काच अर्ध्यावर अडकली होती, तिनं ती वरच्या बाजूनं थोपटली आणि खाली घेतली. त्यानं नोटा तिच्या मांडीवर ठेवल्या. तिनं त्यातली एक स्वतःकडे ठेवली आणि एक परत त्याच्या शर्टाच्या खिशात घातली.

जन्मात पहिल्यांदा काबऱ्यानं 'का बरं' असं विचारलं नाही. त्यानं गाडी सुरू केली.